घरातलं सगळं

"यात काय आहे, काका?" रबरी हातमोजे चढवत घातक कचरा गोळा करण्याच्या केंद्रावरच्या बाईंनी विचारलं.

"संडास धुवायचं ॲसिड." घड्याळजींनी बाटली टेबलावर ठेवली. "मोरीत ओतून टाकणार होतो. पण मन धजेना."

"बरं केलंत. लोक बिनदिक्कत ओततात आणि आम्ही इथं ओरडत बसतो."

घड्याळजी पिशवीतून एकेक वस्तू काढत राहिले. टर्पेंटाइन, फिनेल, झुरळांचं औषध, उंदरांच्या वड्या. एकाचा थेंब दुसऱ्यात जाऊ नये म्हणून बाई प्रत्येक वस्तू वेगळ्या खोक्यात ठेवत होत्या. शेवटी निघाल्या गोळ्या, जास्त करून झोपेच्या. पुडक्यावर बायकोचं नाव होतं.

बाईंचा हात थांबला. "कधी झालं?"

"गेल्या गुरुवारी. मी बाजारात गेलो होतो."

"अगं बाई!" त्यांनी हातमोजे काढले. "आमचे हे गेले तेव्हा खुंटीवरचा त्यांचा शर्टसुद्धा वर्षभर हलवला नव्हता मी. एवढी घाई करू नका, काका. सवडीनं आवरा."

"नाही, आजच आवरायला हवं."

 बाईंनी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला आणि स्टूल पुढे सरकवलं. घड्याळजी बसले. उभा जन्म लोकांची घड्याळं नुसती कानाला लावून त्यांनी बिघाड ओळखला होता. घरातलं मात्र काहीच ऐकू आलं नव्हतं.

चहा संपल्यावर त्यांनी दुसरी पिशवी उघडली. आत कागदात गुंडाळलेल्या सुऱ्या होत्या, दाढीची पाती होती.

"हे भंगारात जातं हो. आणि सुरीच टाकलीत तर भाजी कशानं चिराल?"

"बघू काहीतरी."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "राहू द्या इथं, मी पोचवते. आणि एकटं वाटलं तर येत जा. टाकायला काही नसलं तरी."

 घड्याळजी हात जोडून निघाले.

जिन्यात शेजारी भेटले. "काय, घर धुऊन काढताय वाटतं?"

"हो, तसंच."

रिकाम्या पिशव्यांच्या घड्या करत ते वर आले. दार मेहुणीनं उघडलं.

"दवाखान्यातून आणल्यापासून आज पहिल्यांदा स्वतःहून उठली," ती कुजबुजली.

न्हाणीघराच्या दाराशी बायको उभी होती. खांद्यावर टॉवेल, नजर फरशीवर.

"आंघोळ करून घेते," ती म्हणाली. "आज आतून कडी लावू का?"