अस्वलाच्या आतला गारवा

“घरात मिरव काय मिरवायचं ते. दुकानात अवाक्षर काढायचं नाही,” बाबा म्हणाले आणि लेकीने शिवलेलं जाकीट पिशवीत कोंबून कामाला निघाले.

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. असं कुठं असतं का? बापासाठी एवढं डोकं लढवायचं, आणि वर तोंडाला कुलूप!

बाबा खेळण्यांच्या दुकानाबाहेर अस्वल होऊन उभे राहायचे. भर उन्हात, अंगावर जाड केसाळ पोशाख, येणाऱ्याजाणाऱ्याला हात हलवत. एकदा घरी आले ते उंबऱ्यातच बसले. पाण्याचा पेलाही धरवेना. त्याच दिवशी भिंगरीने आईचं शिवणयंत्र ताब्यात घेतलं.

पहिलं जाकीट ओल्या कापडाचं. अस्वलाच्या आत वाराच नाही, तर पाणी सुकणार कसं? बाबा उकडलेल्या बटाट्यासारखे बाहेर आले. दुसऱ्यात बर्फाच्या पिशव्या. त्या गळल्या, आणि एका पोरीने साऱ्या रस्त्याला ओरडून सांगितलं की अस्वलाने शू केली! तिसरं मात्र जमलं. छातीला-पाठीला खिसे, त्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ, आणि जुन्या कॉम्प्युटरचा इवलासा पंखा, आतली गरम हवा अस्वलाच्या कानातून बाहेर फेकणारा.

अडचण एकच. बर्फ दुपारपर्यंत वितळायचा. दुकानात फ्रीज होता, पण बाबा विचारतील तर शपथ!

मग सुट्टीच्या दिवशी भिंगरीच बर्फ घेऊन दुकानात गेली. मॅनेजरसमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

मॅनेजर हसले. मग त्यांनी बाबांना पोशाख उतरवायला लावला आणि जाकीट चढवून स्वतःच अस्वलात शिरले. दारात गेले, कंबर हलवली, गिरकी घेतली. बऱ्याच वेळाने मुंडकं काढलं, तर कपाळ कोरडं!

“अगं, तू पोरगी आहेस की जादूगार? हे जाकीट आता इथंच राहू दे. आणि फ्रीज तुझाच समज!”

भिंगरीला आभाळ ठेंगणं झालं. तिने बाबांकडे पाहिलं. ते घामट बनियनवर, अस्वलाचं मुंडकं पोटाशी धरून उभे होते. हसले नाहीत. लाजले असतील, तिला वाटलं.

सोमवारी शाळेतून येताना दुकानासमोर ही गर्दी! अस्वल नाचत होतं. उड्या काय, गिरक्या काय! आणि बाबांना तर साधी टाळी तालात वाजवता येत नसे. गारवा लागला नि बाबा कसे मोकळे झाले! ती धावत गेली आणि अस्वलाच्या गळ्यात पडली.

“ए ताई, गळा सोड ना, पंखा अडकतोय,” आतून एक कोवळा, अनोळखी आवाज आला.

बाबा घरीच होते. शेजारी आई.

“दुसरा का ठेवला त्यांनी?” भिंगरी दारातूनच ओरडली. “जाकीट तर मी तुमच्यासाठी केलं होतं!”

बाबांनी तिचं दप्तर उतरवून घेतलं.

“नाचणारी पोरं आधीही यायची गं. आत कुणी टिकायचं नाही, म्हणून मी होतो. उकाडा सोसणं, एवढंच तर मला येत होतं.”