कुरडयांनी अडवलेलं वादळ

बंगालच्या उपसागरातलं वादळ तेलंगणात येऊन मोडलं होतं आणि त्याचं उरलेलं शेपूट निलंग्याला बगल देऊन विदर्भाकडे निघालं होतं. हवामान केंद्रात महानंदा बिराजदार पडद्याकडे बघून चरफडत होती. वादळ ओढून घेण्यासाठी तालुक्यातल्या सगळ्या गच्च्यांना काळ्या फरश्या बसवल्या होत्या. खेडोपाडी त्या रसरसून तापल्या होत्या. निलंगा शहर तेवढं पांढरंफटक दिसत होतं.

"वाळवण!" ती ओरडली आणि तिने सासूला, काशीबाईंना, फोन लावला. "आत्याबाई, गच्चीवरच्या कुरडया धोतरासकट उचला. फरशी तापल्याशिवाय वादळ वळायचं नाही."

"कच्च्या हायत अजून. तुझा अंदाज कधी खरा झालाय?"

"अहो, हवामानवालीची सासूच उचलत नाही म्हणून अख्खं गाव वाळवण घालून बसलंय! धरणात नुसता चिखल उरलाय. कुरडया खाऊन पाणी कुठलं प्यायचं?"

काशीबाई पदर खोचून गच्चीच्या कठड्याशी गेल्या. मग त्यांचा खणखणीत आवाज शेजारच्या गच्च्यांवर गेला, "ए बायांनो, उचला गं समद्या!"

पडद्यावर निलंगा गल्लीगल्लीने काळं होत गेलं. दुपार कलली तसं शेपूट थबकलं, घुटमळलं आणि वळलं. महानंदाने भर कार्यालयात फुगडीची गिरकी घेतली.

संध्याकाळी सासूचा फोन आला, तेव्हा मागे पाऊस नुसता कोसळत होता.

"आत्याबाई, कुरडया वाचल्या का?"

"लगदा झाला! ते मरू दे. उद्याचा अंदाज सांग आधी. तुला इचारल्याबिगर आता मी चीक शिजवायची न्हाई."