अनोळखी वाचक

दहाव्याला अंबाझरी घाटावर ऊन चढलं, तरी बाबांच्या पिंडाला कावळा शिवेना. काकांनी पिंडाशेजारी तर्री-पोहे ठेवले. "भाऊ, पोरीची काळजी नको करू गा, आम्ही आहो," ते विनवत होते. "काहून अडून राहिला भाऊजींचा जीव?" काकू पुटपुटली. कावळे कडुनिंबावर स्तब्ध बसले होते. बाबांना माझं लिहिणं पसंत नव्हतं, म्हणून चार वर्षं मी ऑनलाइन टोपणनावानंच कविता लिहीत होते. प्रत्येक कवितेखाली शालिकराम नावाचा अनोळखी वाचक दोन ओळी लिहायचा. बाबा गेल्यावर लिहिलेल्या कवितेखाली मात्र काहीच आलं नाही. मी हात जोडले आणि हळूच हाक मारली, "शालिकराम, मी लिहीत राहीन." एक कावळा खाली आला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. "शालिकराम कोण वं?" काकूनं दचकून विचारलं. "ते माझ्या कविता वाचायचे," मी म्हणाले.