कॅमेऱ्याच्या डाव्या कडेला

“अहो, ओळखलंत का?” कालिंदीबाईंनी पडद्यावरच्या कार्टूनला विचारलं.

“नाही बुवा. आपण कोण?” गजाभाऊ अदबीनं म्हणाले.

आवाज थेट नवऱ्याचा होता. जुन्या विनोदी मालिकेचे सगळे भाग बघून यंत्रानं वारलेल्या गजाभाऊंना असं हसतंबोलतं चितारलं होतं. कालिंदीबाई त्या मालिकेच्या प्रॉम्प्टर. अकरा वर्षं कॅमेऱ्याच्या डाव्या कडेला उभ्या राहून त्यांनी नवऱ्याला विसरलेली वाक्यं पुरवली होती. यंत्राला त्या कधी दिसल्याच नव्हत्या.

त्या उठल्या आणि पडद्याच्या डाव्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

“तर मंडळी, आमची ही...” बोलता बोलता गजाभाऊ अडले. सवयीनं त्यांनी डावीकडे पाहिलं आणि वाट बघत थांबले.

पुढचं वाक्य बाईंना तोंडपाठ होतं. पण त्या त्यांची ती नजर बघत राहिल्या.