छंद : वाचन, पोहणे

मुलाखतीच्या खोलीबाहेर बसून चौथ्यांदा वाचताना तिला ती ओळ दिसली. बायोडेटाच्या अगदी तळाशी, पत्त्याच्याही खाली लिहिलं होतं, ‘छंद : वाचन, पोहणे’. वाचनाचं एक वेळ ठीक. पण पोहणे? घोट्याच्या वर पाणी आलं की ती आईचा दंड घट्ट धरायची, आणि हे लहानपणीचं नव्हे, आत्ताचं.

ओळ कुठून आली ते लगेच उमजलं. विद्यापीठाच्या नोकरी मार्गदर्शन कक्षातल्या मॅडम सगळ्यांना एकच नमुना देत. नाव बदला, गुण बदला, पत्ता बदला. हा नमुना म्हणजे मॅडमचा स्वतःचाच पहिला बायोडेटा, असं मुलं म्हणायची. तिने नाव बदललं, गुण बदलले, पत्ता बदलला आणि त्याच्या खाली काही बघितलंच नाही.

बरं, चूक करून करावी कुठे? तर औषधांची खोकी छापणाऱ्या कारखान्यात. आणि जागा कसली, तर छापलेला मजकूर डोळ्यांत तेल घालून तपासण्याची. एकोणीस अर्जांनंतर आलेलं हे पहिलं बोलावणं. सकाळी वडिलांनी तिचे बूट पुसून दारात ठेवले होते. ते आठवून तिला आता रडूच यायला लागलं. तिने कोपऱ्यात जाऊन मॅडमना फोन लावला.

“मॅडम, घोळ झालाय. छंदात पोहणे तसंच राहिलंय.”

“अगं बाई! खोडून टाक ना.”

“प्रत त्यांच्याकडे आहे. तुम्हीच पाठवलीत.”

आठ महिने खेटे घालून मॅडमनी या कारखान्याला आपली पाच मुलं बघायला राजी केलं होतं. त्या म्हणाल्या, “हे बघ, छंद कुणी वाचत नाही. आणि विचारलंच तर येतं म्हण. तुला काय तिथे पाण्यात ढकलणार आहेत?”

एवढ्यात आतून तिच्याच वर्गातली चष्मेवाली बाहेर आली, एकदम खुशीत.

“काय विचारलं गं?”

“काही नाही, पोहण्याचंच विचारत बसल्या. दिलं ठोकून, रोज सकाळी तासभर पोहते म्हणून. हसल्या की!”

आणि नेमकं तेव्हाच तिचं नाव पुकारलं गेलं.

आत टेबलामागे तपासणी विभागाच्या प्रमुख बाई बसल्या होत्या. पांढरा कोट, कानामागे लाल पेन्सिल. बाईंनी तिचा कागद पुढे ओढला आणि वरून नाही, खालून वाचायला सुरुवात केली.

“पोहता?”

येतं म्हणायचं, असं ठरवूनच ती आत आली होती. हो म्हणायला तोंडही उघडलं.

“नाही,” ती म्हणाली. “ती ओळ नमुन्यातली आहे. काढायची राहिली.”

बाईंनी कागद खाली ठेवला. “सकाळपासून तुमच्याकडचे चार पोहणारे येऊन गेले. एकजण तर मला श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होता.” त्या हसल्या नाहीत. “किती वेळा वाचलात हा कागद?”

“घरी तीनदा. बाहेर बसून चौथ्यांदा, तेव्हा दिसलं.”

“आधी तीनदा का नाही दिसलं?”

काहीतरी शहाण्यासारखं उत्तर द्यायला हवं होतं. “माझं नाव बरोबर आहे का, तेवढंच बघत होते.”

“हं. गोळीचं नाव इथे सगळेच बघतात,” बाई म्हणाल्या. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी तिच्यापुढे सरकवली आणि सोबत एक घडी न घातलेलं, सपाट खोकं. “दोन चुका आहेत. पाच मिनिटं.”

अक्षरं मुंगीएवढी. तिने खोकं उलटं फिरवलं आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. मुदत संपायची तारीख औषध बनवल्याच्या तारखेच्या आधीची होती! तिने गोल केला. मग तशीच वर वर सरकत गेली. एका बाजूला गोळ्या दहा होत्या, दुसऱ्या बाजूला पंधरा. तिने दुसरा गोल केला आणि खोकं परत सरकवलं.

“सोमवारी आठला या,” बाई म्हणाल्या. “महिनाभर बघू. आणि तो कागद दुरुस्त करून आणा.”

फाटकाबाहेर आल्यावर तिने आधी घरी फोन केला. वडिलांनी ऐकलं आणि लगेच फोन आईकडे दिला. मग तिने मॅडमना फोन लावला. मॅडम फोनवरच ओरडल्या, कक्षातल्या कुणाला तरी “लागली, लागली!” म्हणून सांगितलं.

“मॅडम, एक काम करा ना. नमुन्यातून ते पोहणे काढून टाका. सगळ्यांचं तसंच गेलंय, आणि इथल्या बाई खालूनच वाचतात.”

“काढते, काढते. आत्ताच काढते.” पलीकडे संगणकाच्या कळा दाबल्याचा टकटक आवाज आला.

“तो नमुना तुमचाच आहे ना? म्हणजे तुम्हाला येतं पोहता?”

टकटक थांबली.

“नाही गं,” मॅडम हळूच म्हणाल्या. “बावीस वर्षं झाली. मला कुणी विचारलंच नाही.”