चाफ्याची टोपरी
आमच्या सुनेला पाहुण्यांपुढं मिरवायची भारी हौस. नातीच्या होणाऱ्या सासरचे जेवायला येणार म्हणून तिनं गॅलरीतल्या चाफ्याच्या शेंड्यांवरची अंड्याची टरफलं कचऱ्यात फेकली. थंडीनं शेंडे जळू नयेत म्हणून हिवाळाभर आमचं अख्खं पालेर्मो शहर ही टोपरी चाफ्याला घालतं, पण हिला लाज वाटली. त्याच आठवड्यात गार वारं सुटलं आणि फांद्या काळ्या, मऊ पडल्या. लग्न तोंडावर आलेलं. आमच्याकडं लेक सासरी जाते ती माहेरच्या चाफ्याची फांदी घेऊनच. मी सुरीनं सडकं कापत खाली सरकले. जित्या फांदीतून पांढरा चीक येतो. इथं नुसतं तपकिरी पाणी. “आई, पुरे. बाजारातून नवा आणते,” सून रडवेली झाली. अगदी बुंध्याशी चिकाचा थेंब आला. “ऑर्नेला, खोड जगेल, पण यंदा द्यायला फांदी नाही. तुझी लेक रिकाम्या हातानं जाणार, आणि का ते तिला तूच सांगायचं.”