उजव्या खिशातलं घरटं

कोट खुंटीवरून काढायला तिने हात घातला आणि उजव्या खिशातून काहीतरी भुर्रकन उडालं. आत सुकं गवत होतं, शेवाळ होतं, तिच्याच शिवणाच्या टोपलीतले दोरे होते आणि मधोमध शेंगदाण्याएवढी पाच अंडी.

तिने हात मागे घेतला. नणंद मोठी पिशवी उघडून उभी होती. दादाचे कपडे आज एकदाचे आवरून टाकायचे, असं दोघींनी ठरवलं होतं. शर्ट, स्वेटर, बूट बांधून झाले होते. मागच्या दाराबाहेर, छपराखाली टांगलेला हा कोट तेवढा उरला होता.

"पिल्लं उडू देत, मग बघू," ती म्हणाली.

"वहिनी, असं किती दिवस बघत बसणार आहेस?" नणंद म्हणाली. पण पिशवीचं तोंड तिने बांधलं.

तो गेला त्याला सहा महिने होत आले होते. पहिल्या आठवड्यात माणसं आली, खाली मान घालून बसली, चहा पिऊन गेली. मग कुणी फिरकलं नाही. ती दिवसभर आल्टरेशनच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायची आणि संध्याकाळी घरी येऊन एका माणसापुरतं रांधायची. घरात दुसरं कुणी नसूनही बाथरूमच्या दाराला आतून कडी लावायची.

आता ती घरी आली की चप्पल न काढता आधी मागच्या दाराशी जायची.

शेजारचे मास्तर कुंपणावरून डोकावले. हा पक्षी म्हणजे मूठभर जीव, पण आवाज केवढा, असं कौतुकाने सांगू लागले. नर म्हणे तीन-चार जागी घरटी बांधून ठेवतो. मादी त्यातलं एक पसंत करते आणि आतून मऊ करून घेते.

"आणि बाकीची?" तिने विचारलं.

"पडून राहतात. कधी कधी एखाद्यात दुसरी मादी येते," मास्तर म्हणाले. मग घसा खाकरून हवापाण्याचं काहीतरी बोलू लागले.

अंडी फुटली. खिशाच्या काठावर पाच पिवळ्या चोची उघडायला लागल्या. एके दिवशी पहाटे वारा सुटला आणि कोट खाली पडला. एक पिल्लू फरशीवर आलं होतं, उघडंबोडकं, धुकधुकणारं. तिने ते ओंजळीत उचलून खिशात ठेवलं, कोट पुन्हा टांगला, खुंटीला दोरीने घट्ट बांधला आणि दाराआड स्टुलावर बसून राहिली. पक्षीण परत येईना. दुकानाची वेळ टळून गेली तरी ती हलली नाही. दहाच्या सुमारास चोचीत अळी घेऊन पक्षीण आली, तेव्हा कुठे तिला आपण रडतोय हे कळलं.

मालकिणीने उशीर का म्हणून विचारलं. घरी लहान बाळं आहेत, असं ती म्हणाली. त्या घरात कधी पाळणा हलला नव्हता, हे मालकिणीला माहीत होतं.

दोन आठवड्यांनी ती कामावरून आली तेव्हा खिसा रिकामा होता. मागची बाजू इतकी शांत की नळाचा थेंब ऐकू येत होता.

रविवारी तिने घरटं अलगद काढलं, कोट धुतला, खिशाचं अस्तर नव्याने शिवलं, इस्त्री केली. नणंदेने पत्ता कागदावर लिहून दिला होता. नणंद सोबत येते म्हणाली, पण तिने नको म्हटलं.

ती बसने गेली, दोन जिने चढली, बेल वाजवली. दार उघडणाऱ्या तरुण बाईच्या खांद्यावर तान्हं मूल झोपलं होतं. मागोमाग आतून एक माणूस आला आणि तिला पाहून जागीच थबकला.

तिने घडी केलेला कोट पुढे धरला. "तुमचा एवढा राहिला होता," ती नवऱ्याला म्हणाली.